शिकवणीचा क्रमांक वेगळा ठेवा

प्रश्न : मी अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. बहुतेक विद्यार्थी मला फेसबुक आणि इन्स्टाग्राममुळेच मिळाले. आता मात्र पालक मध्यरात्री व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवतात आणि घरच्या लग्नाच्या फोटोखाली फीची चौकशी करतात. खाती बंद केली तर काम थांबेल. काय करावे?
– एक शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : खाती मुळीच बंद करू नका. मध्यरात्रीच्या निरोपामागे बहुधा उद्धटपणा नसतो. नागपुरात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो, आणि कामाच्या गडबडीत हे पालकांच्या ध्यानात राहत नाही. शिकवणीसाठी दुसरे सिमकार्ड घेऊन त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस सुरू करा. त्यात कामाचे तास ठरवता येतात आणि त्याबाहेर आलेल्या निरोपाला ‘उद्या सकाळी उत्तर देते’ असे आपोआप जाते. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे बदलतात, त्याची सूचना आठवडाभर आधीच द्या.

इन्स्टाग्रामवरही कामाचे खाते वेगळे काढा. जुने खाते खासगी केले तरी आधीपासूनचे अनुयायी तिथेच राहतात, त्यामुळे पालकांना तिथून काढावे लागेल. पण आधी नवा पत्ता कळवा आणि कारणही मोकळेपणाने सांगा, कारण न सांगता काढल्यास माणसे दुखावतात, आणि परक्या मुलखात मुलांना मराठी शिकवण्यासाठी धडपडणारी ही माणसे आपलीच आहेत.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ‘ळ’ म्हणताना अडखळणाऱ्या मुलाची चित्रफीत पाहणाऱ्यांना गोड वाटते आणि तिच्यामुळे नवे विद्यार्थीही मिळतात. पण ती टाकण्यापूर्वी पालकांची लेखी परवानगी घ्या आणि त्या मुलालाही विचारा. आपण ज्या चुकीवर प्रेमाने हसतो, तीच चूक वर्गमित्रांनी पाहिली तर ते मूल पुन्हा तोंड उघडायला धजत नाही. व्हॉट्सअॅपच्या गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो, म्हणून तिथे मुलांना न घेता पालकांनाच घ्या.

दिवाळीच्या शुभेच्छा, परीक्षेनंतरची विचारपूस हे सारे अवश्य चालू ठेवा. फीचे बोलणे मात्र कोणत्याही फोटोखाली करू नका. तिथे फक्त कामाचा क्रमांक द्या.