महासत्तेचा धडा कुठून सुरू करावा?

प्रश्न : नववी-दहावीच्या मुलांना अमेरिकेचा महासत्ता म्हणून झालेला उदय शिकवताना पहिल्या महायुद्धापासून आरंभ करावा का? – एक शिक्षिका

उत्तर : तसे केल्यास ही सत्ता अचानक अवतरल्यासारखी वाटते, १८९८ पासून आरंभ करावा. त्या फेब्रुवारीत स्पेनच्या ताब्यातल्या क्युबाच्या हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटाने बुडाली, कारण निश्चित झालेले नसतानाही अमेरिकेतल्या काही वृत्तपत्रांनी स्पेनकडे बोट दाखवले, युद्ध पेटले आणि डिसेंबरच्या पॅरिस तहाने पोर्टो रिको, ग्वाम व दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात फिलिपिन्स अमेरिकेच्या हाती आले. त्याच वर्षी ताब्यात घेतलेल्या हवाईसह ग्वाम व फिलिपिन्स ही ठिकाणे मुलांना नकाशावर जोडायला लावा (सनावळ्या नंतर पाहता येतील), म्हणजे प्रशांत महासागरातला आरमारी मार्ग त्यांना आपसूक दिसेल. फिलिपिनो जनतेने १८९९ पासून अमेरिकेविरुद्ध दिलेला सशस्त्र लढा मात्र वगळू नये.