आंबोलीचा भटका कोळी नवा आहे का? आधी पॅल्प बघा

प्रश्न थोडक्यात असा : आंबोलीजवळ मालकीच्या रानात रात्री पालापाचोळ्यावर शिकार करणारे तपकिरी कोळी मिळाले, एक नर आणि दोन माद्या स्पिरिटमध्ये ठेवल्यात, इंटरनेटवरच्या कुठल्याच फोटोशी ते जुळत नाहीत, तर नवी प्रजाती म्हणून वर्णन कसं करायचं?

फोटोशी न जुळणं हा या गटात पुरावाच नव्हे. जमिनीवर शिकार करणारे बहुतेक कोळी तपकिरीच असतात. एकाच प्रजातीत मधला पट्टा कधी ठळक असतो, कधी पुसट. उलट दोन वेगळ्या प्रजाती पाठीवरून सारख्या दिसू शकतात. निकाल लागतो तो नराच्या पॅल्पवर (तोंडाजवळचा छोटा पायासारखा अवयव, संगमात नर तोच वापरतो) आणि मादीच्या एपिगाइनवर (पोटाखालची जननेंद्रियाची प्लेट). आणि वर्णन लिहिणं हा कामाचा लहान भाग. मोठा भाग म्हणजे हा कोळी पूर्वी कुणी नोंदवलेला नाही हे दाखवणं.

आधी कुळ पक्कं करा. तुमच्या समोरून काढलेल्या फोटोत डोळे २-४-२ दिसतात : पुढे दोन, मधल्या ओळीत चार (त्यातले कडेचे दोन अगदी बारके), मागे दोन. ही टेनिडी, म्हणजे भटक्या कोळ्यांच्या कुळाची मांडणी. वुल्फ स्पायडरमध्ये ती ४-२-२ असते. टॉर्चच्या उजेडात दोघांचेही डोळे चमकतात, त्यामुळे रात्रीच्या चमकेवरून काही ठरवू नका. खात्रीसाठी पायाचं टोक मोठं करून बघा. टेनिडीत दोन नख्या आणि त्यांच्याखाली केसांचा दाट झुपका, वुल्फ स्पायडरला तीन नख्या. पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले असतील आणि डोळे चार-चारच्या दोन ओळींत असतील तर तो हंट्समन, म्हणजे आणखी वेगळ्या कुळातला कोळी.

जीनसच्या जागी (शास्त्रीय नावाचा पहिला शब्द) लगेच ‘टेनस’ लिहू नका. या जीनसची आधारभूत प्रजाती (जिच्यावर जीनसचं नाव टेकलेलं असतं ती) फ्रेंच गयानाची, १८०५ मध्ये वर्णन झालेली. पुढे आशियातले असे दिसणारे कितीतरी कोळी त्याच नावाखाली टाकले गेले. आता ती गाठ सुटू लागली आहे. कोळीतज्ज्ञ पीटर येगर यांनी २०२२ मध्ये हिमालयापासून पापुआ न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या जमिनीवरच्या टेनिडींसाठी ‘बोवी’ हा वेगळा जीनस केला. म्हणजे भारतीय ‘टेनस’शी ताडून थांबलात तर काम अर्धवट राहील. श्रीलंका आणि म्यानमारकडच्या प्रजातीही बघाव्या लागतील.

आता नमुने. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट असेल तर ते आजच बदला, त्यात इतर द्रव्यं मिसळलेली असतात. ७० ते ८० टक्के इथेनॉल घ्या. डीएनएसाठी एका बाजूचा एक पाय काढून ९५ टक्क्यांपेक्षा तीव्र इथेनॉलमध्ये उणे २० अंशांवर ठेवा. अख्खा कोळी त्यात बुडवू नका. सांधे कडक होतात आणि पाय सरळ करताना तुटतात. लेबल बाटलीच्या आत, चांगल्या कागदावर, पेन्सिलने : राज्य, जिल्हा, तालुका, ठिकाण, जीपीएस, उंची, अधिवास, तारीख, कुणी आणि कसा पकडला. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. लेबल बाहेरून चिकटवलं असेल तर ते आज ना उद्या गळून पडणारच. पुढच्या वेळी जिवंतपणीचे फोटो वरून, खालून आणि समोरून आधी घ्या, इथेनॉलमध्ये रंग उतरतात. पिटफॉल सापळे (जमिनीत तोंडापर्यंत पुरलेले पेले) लावणार असाल तर प्रत्येक पेल्यावर छप्पर हवं. आंबोलीच्या पावसात उघडा पेला भरून वाहतो आणि नमुने त्याबरोबर जातात.

मापं मिलिमीटरमध्ये, दोन दशांशांपर्यंत. मायक्रोस्कोपच्या प्रत्येक मोठेपणाला आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) पट्टी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे अचूक मापं कोरलेल्या काचपट्टीवर, स्वतंत्र जुळवा. बहुतेक चुकीची मापं इथूनच येतात. कॅरापेसची (शरीराच्या पुढच्या भागावरच्या कवचाची) लांबी-रुंदी, पोटाची लांबी-रुंदी, डोळ्यांचे व्यास आणि त्यांच्यातली अंतरं, जबड्याच्या खाचेच्या दोन्ही कडांचे दात, प्रत्येक पायाचे पाच भाग (मांडी, गुडघा, टिबिया, मेटाटार्सस, टार्सस) आणि त्यांवरचे काटे, हे सगळं लागतं. पॅल्पला मेटाटार्सस नसतो, तक्त्यात ती जागा रिकामी ठेवा. पायांचं सूत्र लांबीच्या उतरत्या क्रमाने लिहितात : ४१२३ म्हणजे चौथा पाय सर्वांत लांब. पोटाच्या मापावर ओळख बेतू नका. ते पोटातल्या अन्नावर आणि अंड्यांवर बदलतं.

खरी मेहनत पॅल्पवर. रिवाज डाव्या पॅल्पचा आहे. डावा तुटका असेल तर उजवा काढा, चित्र उलटवा आणि तसं नमूद करा. काचेच्या वाटीत पारदर्शक हॅन्ड सॅनिटायझरचा जेल घ्या, त्यात पॅल्प रोवा आणि वर इथेनॉल ओता. तो हव्या त्या कोनात स्थिर बसतो. खालून पाहिलं की पॅल्पच्या टोकाच्या फुगीर बल्बवर टेग्युलमची तपकिरी गोल तबकडी दिसते. तिच्या कडेने काळसर, वाकडा, सुईसारखा एम्बोलस (शुक्र सोडणारं टोक) निघतो, त्याच्या जवळ पातळ काचेसारखा कंडक्टर असतो आणि साधारण मध्यावर वाटीसारखं टोक असलेलं मेडियन अपोफिसिस. बाहेरच्या बाजूने टिबियावरचा काटा (आरटीए) बघा. त्याचं टोक साधं की दुभंगलेलं, सरळ की वळलेलं, हे नोंदवा. कोन थोडा जरी फिरला तरी हाच काटा वेगळा दिसतो. दोन ‘नव्या’ प्रजाती कधीकधी अशाच जन्माला येतात. म्हणून तुलनेचं प्रत्येक चित्र तंतोतंत एकाच कोनातून हवं. पॅल्पचा बल्ब फुगलेला असेल तर भाग जागेवरून सरकलेले असतात. असा नमुना होलोटाइपच्या (प्रजातीचं नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं त्याच्या) चित्रासाठी घेऊ नका.

मादीचं एपिगाइन बारीक सुईने कडेकडेने सोडवून काढा आणि १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साध्या तापमानाला ठेवा. दर थोड्या वेळाने डोकावत राहा. मांस विरघळून नलिका दिसू लागल्या की लगेच डिस्टिल्ड पाण्यात धुवा. विसरलात तर सगळंच पारदर्शक आणि लिबलिबीत होतं आणि तो नमुना गेला. घाई नको असेल तर लवंगेचं तेल सौम्य पडतं, फक्त ते शुद्ध घ्या. मग खालच्या बाजूने मधली प्लेट आणि कडेचे दात, आणि वरच्या बाजूने संगमाची छिद्रं, नलिका, शुक्रकोश हे सगळं काढा. छिद्रांवर संगमानंतरचं बूच बसलेलं असेल तर ते सुईने काढा, नाहीतर छिद्रच नाहीत असं लिहून बसाल. काढलेला भाग बारक्या कुपीत घालून त्याच बाटलीत ठेवा.

तुलनेसाठी वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये मोफत खातं उघडा, जुने लेख तिथेच मिळतात. सुरुवात ग्रेव्हली यांच्या १९३१ च्या कामापासून करा. ‘टेनस कोचिनेन्सिस’ आणि ‘टेनस इंडिकस’ ही दोन्ही वर्णनं त्यातली. जुन्या चित्रांत बारकावे कमी असतात, म्हणून शंका आली की टाइप नमुना (मूळ वर्णन ज्यावरून झालं तो) बघण्याला पर्याय नाही. आणि नर-मादी एकाच ओहोळाकाठी मिळाले म्हणून ते एकाच प्रजातीचे असं गृहीत धरू नका. डीएनए बारकोड (सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा) जोडी जुळवायला उत्तम. पण नुसत्या टक्केवारीच्या फरकावर नवं नाव देऊ नका.

कायद्याचं म्हणाल तर अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, राखीव जंगलातही वनखात्याची. तुमची जागा मालकीची असली तरी जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीचा नमुना अधिकृत संग्रहात जमा करावाच लागतो. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे आधीच बोलून घ्या. परदेशी तज्ज्ञाला नमुना परस्पर कुरिअर करू नका.

लेखात ‘नवी प्रजाती’ असं स्पष्ट म्हणणं, एकच होलोटाइप ठरवणं, तो कुठल्या संग्रहात आहे हे सांगणं आणि जवळच्या प्रजातींपासून ती कशी ओळखायची हे शब्दांत लिहिणं, या गोष्टी चुकल्या की नाव ग्राह्य धरलं जात नाही. ओळख म्हणजे ‘तपकिरी, मध्यम आकाराचा’ नव्हे. ‘एम्बोलस अमक्यापेक्षा लांब, आरटीएचं टोक दुभंगलेलं’ अशी तुलना हवी. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर झूबँक (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी छापण्यापूर्वी करून तिचा उल्लेख लेखातच करावा लागतो. नाव स्वतःचं देऊ नका. पुरुषाच्या नावावरून असेल तर शेवटी ‘आय’ (i), स्त्रीच्या नावावरून असेल तर ‘एई’ (ae). आणि लेख येण्यापूर्वी ते नाव फेसबुकवर टाकू नका. त्याला शास्त्रात किंमत नसते, पण गोंधळ मात्र वर्षानुवर्षं राहतो.

तुमच्याकडे नर एकच आहे, तोच होलोटाइप करा. दुसऱ्या मादीच्या खालच्या फोटोत प्लेटच्या कडा फिकट आणि अस्पष्ट दिसताहेत. तिची शेवटची कात बहुधा राहिली होती. तिला पॅराटाइपमध्ये (होलोटाइपखेरीज वर्णनात धरलेल्या नमुन्यांत) घेऊ नका, लेबलवर ‘अपरिपक्व’ लिहून वेगळी ठेवा. पुढच्या खेपेला अशी मादी मिळाली तर मारू नका. ओला कापूस घातलेल्या बरणीत ठेवा, आठवड्याला एखादं लहान झुरळ द्या आणि कात टाकेपर्यंत थांबा.