हेडरूमला ‘वाव’ म्हणावं का?

प्रश्न अमळनेरहून आलाय. विचारणारे लग्नांच्या ऑर्केस्ट्रात सॅम्पलर वाजवतात, म्हणजे साठवलेले आवाज (सॅम्पल) पॅडवर मारून वाजवायचं यंत्र. त्यांचं म्हणणं असं, की आउटपुट लेव्हल लावताना ‘हेडरूम ठेव’ म्हटलं की हाताखालची पोरं मान डोलावतात आणि बटण पुरतं फिरवून मोकळी होतात. मग मराठीत सांगायचं तर ‘वाव’ चालेल का?

चालेल, चांगला चालेल. डिजिटल यंत्रात शून्य डेसिबल हा शेवटचा आकडा, त्यापुढे मोजायला काही नाही. लाट त्यापुढे जायला बघते तेव्हा तिचा माथा सपाट छाटला जातो. याला सगळा खान्देश फाटणंच म्हणतो. ‘आवाज फाटी ऱ्हायना भाऊ’ असं कुणी स्टेजखालून ओरडलं की आणखी परिभाषा लागत नाही. हेडरूम म्हणजे तुमचा सगळ्यात चढा ठोका आणि ते शून्य, यांच्यामध्ये उरलेलं अंतर.

पोरं घोटाळा करतात तो इथेच. त्यांना वाटतं, हेडरूम ठेवणं म्हणजे आवाज बारीक करणं. मांडवात आवाज किती हवा ते पुढे मिक्सरवाला बघेल. सॅम्पलरच्या आत बेरजेला जागा उरली पाहिजे. ढोलाचं एकच सॅम्पल दोन पॅडवर लावून एकदम मारलं, तर बेरीज ६ डेसिबलने चढते, चार पॅडवर मारलं तर १२ने. म्हणजे प्रत्येक सॅम्पलचा माथा उणे १२वर असेल तर चारही एकत्र पडले तरी जेमतेम शून्याला टेकतील. वेगवेगळे आवाज सहसा इतके चढत नाहीत, पण वरातीत हिशेब वाईटातल्या वाईटाचाच धरावा. आणि आत एकदा फाटलेला आवाज मिक्सरवर कितीही खाली आणला तरी फाटलेलाच राहतो, फक्त हळू फाटलेला.

‘लेव्हल चढती ठेव, नाहीतर खरखर येते’ हा जुन्या वादकांचा सल्ला खोटा नव्हता. १९८७ सालचा ई-म्यू एसपी-१२०० हा सॅम्पलर १२ बिटचा, म्हणजे आवाजाचा प्रत्येक आकडा १२ बिटांत साठवणारा. बिटामागे ६ डेसिबल धरले तर खरखरीपासून शून्यापर्यंतचा सगळा पल्ला ७२चा. त्यातले १२ सोडणं जिवावर यायचंच. १६ बिटांत पल्ला ९६चा, १२ सोडले तरी ८४ उरतात. जनरेटरच्या घरघरीत ते कोण मोजणार?

आता शब्दाकडे. ‘सुधारणेला वाव आहे’ हा वाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत होणारं अंतर, तेही वावच. खोली मोजायचं हे जुनं माप. मोकळी जागा आणि मोजता येणारं अंतर, दोन्ही एका शब्दात सापडतात, म्हणून ‘मोकळीक’ किंवा ‘अवकाश’ यांच्यापेक्षा मला हाच बरा वाटतो. (नंदुरबारकडे कुणी गुजराती बोलणारा हसला तर हसू द्या, त्याच्याकडे वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर.) हेडरूम ‘ठेवली’, वाव ‘ठेवला’, एवढं लिंग सांभाळा. ‘वावाची’, ‘वावाने’ अशी रूपं मात्र कानाला खटकतात; तिथे सरळ हेडरूम म्हणा, काही बिघडत नाही.

एक अडचण उरते ती चिन्हाची. मीटर उणे १२ दाखवतो आणि आपण म्हणतो वाव १२. पोरांना दोन्ही आकडे एकाच दमात सांगू नका. ‘माथा उणे बारावर’ असं मीटरपुरतं म्हणा, आणि ‘ढोलाला बाराचा वाव’ असं वाजवण्यापुरतं. ‘उणे बाराचा वाव’ कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे टोका, कारण त्याचा अर्थ आवाज आधीच शून्याच्या बारा डेसिबल वर गेलाय असा होतो.