दिवसभर उपाशी, रात्री वखवख: आधी मनाचं बघू की खाण्याचं?

तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला, म्हणून आता निवांत बसून लिहितेय. तुम्ही म्हणता, सहा महिने झाले मन थाऱ्यावर नाही. झोपही नीट लागत नाही. दिवसा अन्नावरची वासना उडालेली असते, दुपारी तीनपर्यंत पोटात फक्त कॉफी, पण रात्री अकरानंतर गोड, तळलेलं, हाताला लागेल ते खाल्लं जातं आणि मग आपल्या हावरटपणाची लाज वाटते. तुम्हाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: आधी खाणं सुधारायचं की मन, आणि मन प्रसन्न करणारे पदार्थ कोणते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देते. असा एकही पदार्थ नाही. केळ्यात सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) असतं म्हणून केळी खा, चॉकलेटने मूड सुधारतो म्हणून चॉकलेट खा, असं फिरत असतं. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं. आपल्या शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं हेही खरं. पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू आपलं वेगळं तयार करतो. त्यासाठी लागणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल अन्नातल्या प्रथिनांतून येतं. डाळी, दूध, अंडी, मासे, दाणे यांतलं काही ना काही रोज पोटात जात असेल तर वेगळं काही शोधायची गरज नाही. गोळ्यांचंही तसंच. युरोपातल्या चार देशांत हजाराहून अधिक लोकांना वर्षभर ओमेगा-३, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व आणि सेलेनियमच्या गोळ्या देऊन नैराश्य टाळता येतं का, हे तपासलं होतं. २०१९ साली निष्कर्ष आला: टाळता आलं नाही. रक्त तपासून कमतरता निघाली तर गोळी जरूर घ्या, एरवी ते पैसे फळांवर खर्च करा.

आता खरा प्रश्न. आधी मन की आधी खाणं, या विचारात मी स्वतः जवळजवळ वर्ष घालवलं, म्हणून कळकळीने सांगते: हा क्रम लावत बसू नका. मन बिघडलं की खाणं बिघडतं आणि खाणं बिघडलं की मन आणखी खचतं. ही रहाटगाडगी कुठून सुरू झाली हे शोधून ती थांबत नाही. जिथे हात पोहोचतो तिथे धरायची. तुमच्या बाबतीत तुमचा हात पोहोचेल अशी जागा मला दिसतेय. ती रात्र नाही, सकाळ आहे.

असं का म्हणते, त्यासाठी एक जुना प्रयोग सांगते. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ तरुण निवडले. सगळे स्वतःहून आलेले, शरीराने आणि मनाने धडधाकट, तपासून घेतलेले. २४ आठवडे त्यांचं जेवण जवळपास निम्म्यावर आणलं. त्यांचं वजन सरासरी पाव हिश्श्याने उतरलं, पण वाचताना अंगावर काटा येतो तो त्यांच्या मनाचं काय झालं ते बघून. हसतीखेळती मुलं चिडचिडी झाली, उदास झाली, मित्रांपासून तुटली, त्यांचं कशात लक्ष लागेना. दिवसभर डोक्यात फक्त अन्न. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला, कुणी ताटली चाटूनपुसून साफ करू लागला. पुन्हा पुरेसं अन्न मिळायला लागल्यावरही कित्येकांचं मन लगेच सावरलं नाही. काहीजण पोट तडस लागेपर्यंत खायचे आणि तरी भूक भागली नाही म्हणायचे. यातल्या एकालाही आधीपासून मनाचा आजार नव्हता. निव्वळ कमी खाण्याने ही अवस्था झाली.

मेंदूचं वजन शरीराच्या दोनच टक्के, पण स्वस्थ बसलेलं असतानाही शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली वीसएक टक्के एकटा मेंदू घेतो. दुपारी तीनपर्यंत पोटात कॉफीशिवाय काही गेलं नाही, तर रात्री अकराला तो आपला हिशोब मागतो. त्याला तुम्ही हावरटपणा म्हणता, आणि वाईट मला त्याचंच वाटलं.

माझं सांगते. सात वर्षांपूर्वी, घरातलं एक लांबलेलं आजारपण निभावून झाल्यावर, मी अशीच कोसळले होते. रात्री सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात जायचे. दिवा लावायचा नाही, फ्रीजच्या उजेडात उभ्याउभ्या डब्यातूनच चमच्याने खायचं. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून डबा छातीशी धरून उघडायचा. चमचा धुवून, पुसून पुन्हा जागेवर ठेवायचा, सकाळी कुणाला कळता कामा नये. काय खाल्लं याची चव आज आठवत नाही, तो थंड डबा मात्र आठवतो.

मग मी एका आहारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी वजन केलं, मान हलवली आणि दोन पानांची यादी हातात दिली. त्यात काय खायचं नाही तेच जास्त होतं. मी चार दिवस काटेकोर पाळलं. पाचव्या रात्री जे खाल्लं, तेवढं त्याआधी कधी खाल्लं नव्हतं. तेव्हा वाटलं, आपल्यातच खोट आहे. पुढे कळलं की असं होतं हे कितीतरी आधी दिसून आलंय. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव बघायच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्या एरवी मोकळेपणी खायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सतत स्वतःला आवरून असायच्या, त्यांनी उलट जास्त खाल्लं. एकदा नियम मोडला की ‘आता काय, मोडलाच’ म्हणून बांधच फुटतो. म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती, उद्यापासून गोड बंद, रात्रीचं बंद, अशी शपथ घेऊ नका.

मला उपयोगी पडली ती एक साधी वही. तीन रकाने: किती वाजता, काय, आणि खाण्याआधी मन कसं होतं. कॅलरी नाही, वजन नाही, किती खाल्लं तेही नाही. मन कसं होतं याला एकदोन शब्द पुरे: ‘रिकामं’, ‘भांडण झालं’, ‘काहीच वाटत नाही’. तीन आठवड्यांनी पानं उलटली. एकवीस दिवसांत बारा रात्री वखवख झाली होती. त्या बारापैकी दहा दिवशी दुपारी दोनपर्यंत मी काही खाल्लेलंच नव्हतं. मी आजवर रात्रीशी झगडत होते आणि बिघाड सकाळी होत होता.

म्हणून मी मोबाइलवर गजर लावले, सकाळी आठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेआठ. गजर झाला की भूक असो नसो, चार घास खायचे, औषध घेतो तसे. मन पडलेलं असताना भुकेवर भरवसा ठेवता येत नाही, ती हाक द्यायचीच विसरते. पहिले काही दिवस घास तोंडात फिरायचा. तेव्हा दूध प्यायचे, एखादं फळ, उकडलेलं अंडं, मूठभर दाणे, आदल्या दिवशीचा उरलेला भात. पौष्टिक आहे का, ताजं आहे का, हे त्या आठवड्यात मी स्वतःला विचारलंच नाही. ज्याला अंथरुणातून उठणं जिवावर येतं त्याला रंगीबेरंगी भाज्या चिरायला सांगणं हा मला छळ वाटतो. दहाबारा दिवसांनी एका सकाळी गजर व्हायच्या आधीच पोटात कावळे ओरडले. मी रडले होते तेव्हा.

रात्रीसाठी एकच केलं. खावंसं वाटलं तर खायचं, पण दिवा लावून, ताटलीत वाढून, खुर्चीवर बसून. लपूनछपून खाण्यात जी लाज होती ती उजेडात अर्धी ओसरली. खाणं त्यामागोमाग कमी झालं.

मन बिघडल्यावर खाणं का बिघडतं, हेही थोडं समजून घ्या, म्हणजे स्वतःला दोष देणं थांबेल. अचानक धक्का बसला तर भूक मरते, कारण शरीर त्या घटकेला पचनाचं काम मागे टाकतं. पण ताण महिनोन्‌महिने रेंगाळला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं, आणि मग गोड-तेलकटाकडे ओढ वाढू शकते. त्यात झोप मोडली तर बघायलाच नको. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चारचार तास झोपू दिलं. भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. दोन रात्रींत एवढं, तुमचे तर सहा महिने झाले. यासाठी कॉफीचीही वेळ बघा. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. दुपारनंतर कॉफी नको, आणि जेवणाऐवजी कॉफी तर अजिबात नको, छातीतली धडधड आणि काळजी त्यानेही वाढते. झोप यावी म्हणून दारू घेत असाल तर तीही थांबवा, ती पहाटेची झोप तोडते. मात्र रोजची आणि जास्त प्रमाणात असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारून कमी करा.

खाण्याची वेळ सावरली की मग काय खायचं त्याकडे वळा. त्याने फरक पडतो का? पडतो, असं मानायला जागा आहे. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्या ६७ जणांना घेऊन बारा आठवड्यांचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आहारतज्ज्ञाची मदत: भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, अख्खी धान्यं, दाणे, मासे, ऑलिव्ह तेल. दुसऱ्या गटाला तितक्याच वेळा कुणीतरी भेटून गप्पा मारायचं. पहिल्या गटातले सुमारे ३२ टक्के नैराश्याच्या रेषेखाली आले, दुसऱ्यातले ८ टक्के. माणसं थोडी होती आणि आपण कुठल्या गटात आहोत हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे या आकड्यांवर मी डोळे झाकून विसंबणार नाही. बहुतेकांचे औषधोपचारही सुरूच होते, आहार त्यांच्या जोडीला होता. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: वजन उतरवणं हा हेतूच नव्हता. कुणाला मोजून खायला सांगितलं नव्हतं, ताटात काय वाढवायचं ते सांगितलं होतं.

आता डॉक्टरांचं. तुम्ही लिहिलंय तसं सकाळी भूक नसणं, बरंचसं खाणं रात्री आणि झोपेची ओढाताण, या तीन गोष्टी एकत्र येण्याचं वर्णन अल्बर्ट स्टंकार्ड या डॉक्टरांनी १९५५ मध्येच केलं होतं. त्याला रात्रभोजनाचा विकार म्हणून नाव आहे आणि त्यावर उपचारही होतात. तुम्हाला तोच आहे असं मी म्हणत नाही, ते ठरवणं माझं काम नाही. पण तुम्ही एकटे नाही आणि हा स्वभावदोष नाही, एवढं नक्की. नैराश्य तपासताना भूक कमी झाली की वाढली हे डॉक्टर विचारतातच, तेव्हा रात्रीचं खाणं लपवू नका. रक्तात हिमोग्लोबिन, लोह, ब-१२ आणि थायरॉइड बघून घ्या. ब-१२ कमी पडलं की थकवा, विसराळूपणा, उदासपणा येऊ शकतो, आणि मांस-मासे-अंडी-दूध न घेणाऱ्यांना किंवा मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो धोका जास्त. माझं ब-१२ बरंच खाली निघालं होतं. मनाच्या काही औषधांनी भूक वाढते, काहींनी मरते. तसं वाटलं तर गोळी स्वतःहून सोडू नका, बदलून मागा. लिथियम हे मनाचे चढउतार आवरणारं औषध चालू असेल तर मिठाचं प्रमाण स्वतःहून एकदम कमी करू नका, रक्तातली लिथियमची पातळी चढते.

खाल्ल्यावर उलटी काढावीशी वाटत असेल, जुलाबाच्या गोळ्या घेत असाल, वजन झपाट्याने उतरत असेल, चक्कर येत असेल, तर वही-गजर यांत वेळ घालवू नका, लगेच दाखवा. आणि जगू नये असं मनात आलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा आणि दवाखान्यात जा.

घरात कुणी असेल तर त्यांना हा भाग वाचायला द्या: ताटाकडे बघून बोलू नका. ‘एवढंच?’ नको आणि ‘एवढं?’ही नको. सोबत बसा, स्वतःचं जेवा, दुसरं काहीतरी बोला. माझी बहीण रोज साडेबाराला फोन करायची आणि जेवताना तिच्या झाडांबद्दल सांगायची. तिने मला एकदाही विचारलं नाही काय खातेस म्हणून, आणि त्या फोनमुळे माझं दुपारचं जेवण कधी चुकलं नाही.

मोठं उत्तर लगेच लिहायची गरज नाही. जमलं तर एवढंच कळवा, आज पहिला घास किती वाजता घेतलात?