पुढे निघालेला मागे का पडतो?

प्रश्न : फिनलंडची मोटार रॅली पाहिली, तीच जिच्यात गाड्या एकामागून एक सुटतात. गुणतक्त्यात अव्वल असलेला ड्रायव्हर पहिल्याच दिवशी मागे पडला. सर्वांत आधी तोच सुटतो, समोर धूळही नसते. मग घोडं अडतं कुठे? आणि शेजारचा माणूस मान खाली घालून सतत काय वाचत असतो?

उत्तर : घोडं अडतं ते चाकाखाली. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर वर सुटी बारीक खडी असते आणि खाली दबून घट्ट झालेला थर. खरी पकड त्या खालच्या थरात. पहिल्या गाडीला वरची खडी अख्खीच्या अख्खी मिळते. टायर तिच्यावरून घरंगळतात, ब्रेक लवकर दाबावा लागतो, वळणावर गाडी बाहेर ओढली जाते. पण जाता जाता तीच गाडी खडी कडेला उडवते आणि मागून येणाऱ्यांना झाडलेली चाकोरी आयती मिळते. बरं, हा झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे नियमच ठरवतो : जागतिक स्पर्धेत पहिल्या दिवशी गुणतक्त्याच्या क्रमाने गाड्या सोडतात. २०१५ मध्ये तर आघाडीवीराला पहिले दोन दिवस हे काम करावं लागायचं. ड्रायव्हर सेबास्टियन ओजिएने त्यावर जाहीर कुरकुर केली, आणि विजेतेपदही त्यानेच नेलं! त्याची तक्रार रास्त होती, तरी मला हा नियम आवडतो. नाहीतर पुढचा पुढेच पळत राहील, बघायचं काय?

पाऊस पडला की हिशेब फिरतो. ओली खडी तितकी घसरत नाही, आणि मागच्यांच्या वाट्याला चिखल येतो. तोच टप्पा, म्हणजे रॅलीतला वेळ मोजला जाणारा रस्त्याचा तुकडा, दुपारी पुन्हा असेल तर चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात आणि सकाळी नसलेले दगड वर आलेले असतात.

आता वाचणाऱ्याविषयी. तो नॅव्हिगेटर. रॅलीआधी दोघं त्याच रस्त्यावरून बेताच्या वेगाने जातात. ड्रायव्हर वळणं सांगतो, हा वहीत उतरवतो. ‘उजवं पाच, शंभर, माथ्यावर डावं तीन, कापू नको.’ पाच, तीन हे आकडे वळण किती तीव्र ते सांगतात, शंभर म्हणजे मीटर. ‘कापू नको’ म्हटलं की आतल्या कडेला दगड किंवा झाडाचा बुंधा आहे असं समजा. मी या सीटवर बसायचो तेव्हा बाहेर बघायला फुरसतच नसे. गाडी कुठे पोचली ते बुडाला कळायचं. ओळ लवकर वाचली तर ड्रायव्हर विसरतो, उशिरा वाचली तर ती ऐकायला गाडी रस्त्यावर नसते.

फिनलंडमधल्या औनिनपोह्या टप्प्यावर २००३ मध्ये ड्रायव्हर मार्को मार्टिनची गाडी ताशी १७१ किलोमीटरने उडून ५७ मीटरवर टेकली. हवेत ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी. उतरताना तोंड कुठे हवं, ते उडी घेण्याआधीच ठरलेलं असावं लागतं, आणि पलीकडचा रस्ता तर माथ्याआड असतो. तिथे वहीच कामाला येते.

प्रश्न : रॅली बघायला कुठे उभं राहावं?

उत्तर : वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीच नाही. घसरलेली गाडी तिकडेच येते. उडीच्या पुढेही नको. वळणाच्या आधी, आतल्या बाजूला, रस्त्यापेक्षा बरंच उंच आणि मागे उभे राहा. मार्शलची, म्हणजे सुरक्षेसाठी उभ्या असलेल्या माणसाची, शिट्टी ऐकली की मोबाइल खिशात.