शिळं, उष्टं आणि एक अंडं

चिऊ,

काल रात्री तू फोटो पाठवलास. डब्यात दोन पोळ्या, वाटीत बटाट्याची भाजी, ओट्यावर पातेल्यात भात. आणि खाली प्रश्न: "आजी म्हणते उष्टं खाऊ नये, तू म्हणतेस शिळं टाकू नये. दोन्ही लेफ्टओव्हरच ना? आणि तू त्यात अंडं फोडतेस ती मराठी रीत आहे की तुझी?"

प्रश्न इतका आवडला की फोनवर दोन वाक्यांत उरकावासा वाटला नाही.

अगं, आपल्याकडे उरलेल्या अन्नाला एक शब्द नाही, चार आहेत. पातेल्यात राहिलं ते उरलेलं. त्यावरून रात्र गेली की ते शिळं. कुणी ताटात घेऊन, हात लावून, घास मोडून सोडलं ते उष्टं. आणि ताटाला, भांड्याला, ओट्याला चिकटलेलं ते खरकटं. तुझ्या इंग्रजीत यातलं बरंचसं एकाच डब्यात जातं, म्हणून तुला आजीचं आणि माझं बोलणं उलटसुलट वाटलं. आम्ही दोघी एकच सांगतोय. पातेल्यात फक्त डाव गेलेला असतो, म्हणून त्यातलं उद्या कुणालाही वाढता येतं. ताटातलं मात्र ज्याचं त्यानं संपवायचं. आजी पोळी वाढताना "अर्धीच देऊ का?" असं विचारत राहते ना, ते यासाठीच. तिला उष्टं उरूच द्यायचं नसतं. माझे आजोबा तर जेवण झालं की ताटात घोटभर पाणी घालत, बोटानं कडेकडेनं फिरवत आणि ते पिऊन टाकत. लहानपणी मला ते कसंतरी वाटायचं. आता ते चकचकीत ताट डोळ्यांसमोर आलं की गळा भरून येतो.

आजीनं १९७२चा दुष्काळ पाहिलाय. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा, लाल ज्वारी. तिच्या भाकऱ्या तिनं थापल्यात. दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे, तीही खाल्लीये. एवढं पाहिलेल्या बाईला "दोनच पोळ्या आहेत, टाकून देऊ" म्हणणं मला आजही जमत नाही.

आता अंड्याचं. खरं सांगते, शिळ्या पोळीचा कुस्करा मराठी आहे, काही घरांत त्याला माणिकपैंजण असं गोड नाव आहे. त्यात अंडं मात्र माझं. आजीच्या स्वयंपाकघरात अंडं चालायचं नाही. अंड्याची कढई वेगळी, ती मागच्या पडवीत, स्टोव्हसकट. श्रावणात तर तीही पालथी. मी हॉस्टेलला गेले तेव्हा एक पातेली, एक शेगडी आणि संध्याकाळी सहाला मिळालेल्या गार पोळ्या एवढंच हाताशी असायचं. अंडं घातलं की त्याच पोळ्यांचं पोटभर जेवण व्हायचं. तिथून ती सवय लागली.

तुझ्या दोन पोळ्यांना दोन अंडी पुरतील. पोळ्या हातानं मोड, नखाएवढे तुकडे कर. मिक्सरला लावू नकोस, भुगा होतो आणि तो अंड्यात चिखलासारखा बसतो. तेलात मोहरी तडतडू दे, मग कांदा, हिरवी मिरची, हळद. कांदा मऊ झाला की तुकडे घाल आणि पाण्याचा एक हबका मारून दोन मिनिटं झाकण ठेव. मग कढईच्या मध्यभागी आळं कर, झाडाला करतात तसं, आणि त्यात अंडी सोड. आधी वाटीत फोडून बघ, एक खराब निघालं तर सगळं जातं. लगेच ढवळू नकोस. कडेचं पांढरं धरायला लागलं, मधलं अजून थरथरतंय, तेव्हा उलथनं घाल आणि कडेची पोळी आत ओढ. शिळी पोळी कोरडी असते, ती अंडं पिऊन घेते आणि तरी तुकडा तुकडा वेगळा राहतो. ताज्या पोळीचा लगदा होतो. म्हणजे या पदार्थाला शिळीच पोळी लागते. मीठ जपून घाल, फक्त अंड्यापुरतं.

बटाट्याची भाजी तव्यावर पसर, वरून फेटलेलं अंडं ओत, झाकण ठेव, उलट. झालं. पालेभाजी असेल तर आधी पिळून घे, नाहीतर पाणी सुटतं.

आणि आमटी उरली की माझी सगळ्यात आवडती गोष्ट. थोडं पाणी घालून चांगली उकळायची, आच बारीक करायची आणि अंडं अलगद वाटीतून सोडायचं. चार-पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही. चिंच-कोकम घातलेली आंबट आमटी असली तर पांढरं पटकन धरतं, फाटत नाही. भाकरी कुस्करून त्यात. तुझा बाबा याच्यासाठी मुद्दाम एक डाव आमटी मागे ठेवतो, विचार त्याला.

आता तो भात. तू लिहिलंस, "अंड्यात चांगला परतला की चालेल ना?" नाही. ओट्यावर रात्रभर राहिलाय ना, मग नाही. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष परतून, उकळून जात नाही. वासही येत नाही. म्हणून भात झाला की ताटात पसरून निववायचा आणि तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा. असा गार भात मोकळा होतो, अंड्याबरोबर फार छान लागतो. पण फोटोतला टाकून दे. आजीला मी सांगते, ती रागावणार नाही. तीही उन्हाळ्यात भाताला तार सुटली की टाकायचीच.

पुढच्या वेळी वाटीभरच तांदूळ लाव. आणि आज कुस्करा केलास की फोटो पाठव, अंड्यासकट. आजीला दाखवायचाय.

तुझी आई