ही रेसिंग कार आहे का द्राक्षबागेतला ब्लोअर?

प्रश्न: नमस्कार सर, अंबडच्या एका कंपनीत टूलरूमला उभा जन्म गेला, आता रिटायर आहे. मुलगा इंग्लंडला असतो. या जुलैत त्याच्याकडे गेलो तर म्हणाला बाबा तुम्हाला गुडवुडला नेतो, जुन्या रेसच्या गाड्यांची जत्रा असते तिथे. मला वाटलं चकचकीत पुसलेल्या गाड्या दोरीच्या पलीकडून बघायच्या आणि सँडविच खाऊन घरी. पण तिथे जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाहीये. एक निळी गाडी, पुढे चार चाकं मागे दोन, पुढची चाकं एवढीशी. एक गाडी मागे हा मोठा पंखा लावलेली. आणि एक उंचच्या उंच लाल फियाट, बाजूने जाळ काढत गेली. पंख्यावाल्या गाडीचा फोटो पिंपळगावच्या मेहुण्याला पाठवला तर तो म्हणे दाजी ही तर आमच्या बागेतली ब्लोअर आहे, फवारणी कशाची करतायत? मुलगा नुसता हसत होता, पण मला हसू येईना. माझा प्रश्न एवढाच की हे सगळं इंजिनिअरांचं वेड होतं का त्याच्यामागे काही डोकं होतं? — एक वाचक, सिडको

उत्तर: काका, तुमच्या मेहुण्याला आधी माझा नमस्कार सांगा, कारण गंमतीत का होईना पण तो फार जवळ पोचलाय. कसा ते सांगतो, पण आधी ती सहा चाकांची निळी.

ती टायरेल पी34. डेरेक गार्डनर नावाच्या डिझायनरने काढली आणि 1976 ला फॉर्म्युला वनमध्ये उतरली. त्या काळात बहुतेक इंग्लिश टीम एकच इंजिन विकत घ्यायच्या, फोर्ड कॉसवर्थचं, म्हणजे ताकद सगळ्यांकडे साधारण सारखीच. मग शेजाऱ्याच्या पुढे जायचं कसं? गार्डनरने बघितलं की उघड्या चाकांच्या गाडीत पुढचे टायर हे हवेला मोठा अडथळा, ते फिरताना हवा वर ढकलतात आणि गाडीचं नाक उचलायला बघतात. मग त्याने चाकं इतकी लहान केली की ती पुढच्या पंखाच्या (विंगच्या) मागे लपतील. दहा इंची. आपल्या चेतक स्कूटरला जो रिम असतो ना तोही दहा इंचीच, रुंदीला हे बरेच जास्त पण उंचीचा अंदाज घ्या. आता एवढ्याशा दोन चाकांवर वळणात पकड कुठून येणार, म्हणून दोनाची चार केली. चारही स्टिअरिंगला वळतात आणि ब्रेकसुद्धा चारांना, म्हणजे ब्रेक मारताना फायदाच. ड्रायव्हरला बसल्या जागेवरून ही चाकं दिसायची नाहीत म्हणून कॉकपिटच्या बाजूला छोट्या खिडक्या ठेवल्या होत्या, परत कधी जवळून बघायचा योग आला तर तेवढं नक्की बघा.

आणि ही गाडी जिंकली हो. स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला 1976 च्या जूनमध्ये जोडी शेक्टर पहिला, त्याच्याच टीमचा पॅट्रिक डेपाये दुसरा, दोघेही सहा चाकांवर. पण तेवढंच, त्यानंतर ती परत ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची रेस, जिंकली नाही. तुम्ही टूलरूमचे म्हणून तुम्हाला कारण लगेच पटेल: टायर. गुडइयर कंपनी सगळ्या टीमसाठी मोठे टायर दर वर्षी सुधारत होती आणि हे दहा इंची टायर जगात एकाच टीमला लागायचे. एका गिऱ्हाईकासाठी कोण डाय बदलत बसणार? मागचे टायर पुढे गेले, पुढचे मागे राहिले, गाडीचा तोल गेला तो गेलाच. 1977 च्या शेवटी टायरेलने तिचा नाद सोडला.

मला स्वतःला पुढचा भाग जास्त आवडतो. बऱ्याच वर्षांनी ऐतिहासिक गाड्यांच्या रेससाठी एव्हॉन कंपनीने या गाडीला खास दहा इंची टायर बनवून दिले आणि 2000 साली जुन्या फॉर्म्युला वन गाड्यांच्या मालिकेत हीच पी34 अजिंक्य ठरली. म्हणजे डिझाईनमध्ये खोट नव्हती, माल मिळत नव्हता. कंपनीत असा अनुभव तुम्हाला कितीदा आला असेल ते मी विचारत नाही.

आता पंखा. ती ब्रॅबम टीमची बीटी46बी, 1978 ची, डोकं गॉर्डन मरे यांचं. त्या वर्षी लोटस टीमच्या गाड्या सगळ्यांना मागे टाकत होत्या कारण त्यांनी गाडीच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना विमानाच्या उलट्या पंखासारखा आकार दिला होता, तिथून हवा जोरात गेली की खाली दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. ब्रॅबमला हे जमणं अवघड, कारण त्यांचं अल्फा रोमिओचं इंजिन बारा सिलिंडरचं आडवं होतं, सहा इकडे सहा तिकडे, म्हणजे जिथून हवा जायला पाहिजे नेमकी तीच जागा इंजिनाने अडवलेली. मग मरे म्हणाले, ठीक आहे, हवा आपोआप जात नाही ना, मग आपण ती खेचून काढू. गाडीच्या कडेने खालपर्यंत पट्ट्या लावून पोट बंद केलं, मागे पंखा बसवला आणि तो फिरवला गिअरबॉक्सवरून. काका, ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, ब्लोअर फिरतो तो आणखी कसा फिरतो? फरक एवढाच की मेहुण्याचा ब्लोअर हवा बाहेर फेकायला आणि हा पोटाखालून ओढायला. व्हॅक्यूम क्लीनर पडद्याजवळ नेला की कसा पडद्याला चिकटतो, तसं. गाडी उभी असताना नुसता अॅक्सिलरेटर दाबला तरी ती खाली बसायची.

नियमात लिहिलेलं होतं की हवेच्या दाबासाठी हलणारा भाग लावायचा नाही. ब्रॅबमवाले म्हणाले, छे, हा तर रेडिएटर थंड करायचा पंखा, आणि खरंच रेडिएटर इंजिनावर आडवा ठेवून हवा त्यातूनही घेतली होती, म्हणजे अगदीच थाप नाही पण खरंही नाही असं ते सरळ चेहऱ्याने सांगायचं उत्तर. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडीवर काम करतात तिथे, पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावून ठेवायचे. रेसमध्ये ब्रॅबमचा ड्रायव्हर निकी लाउडा अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला, बाकीच्या टीमनी आरडाओरडा केला की हा पंखा मागच्यांच्या अंगावर दगडमाती फेकतो, आणि टीमचे मालक बर्नी एकलस्टन यांनी गाडी स्वतःहून मागे घेतली. एक रेस, एक विजय, विषय संपला. आणि गंमत बघा, ती रेस पण अँडरस्टॉर्पलाच. सहा चाकांचा एकुलता एक विजय आणि पंख्याचा एकुलता एक विजय, दोन वर्षांच्या अंतराने स्वीडनमधल्या त्याच ट्रॅकवर.

पंख्याची कल्पना मात्र पहिली मरे यांची नव्हे. 1970 ला अमेरिकेत जिम हॉल यांची शॅपराल 2जे आली, पांढरीशुभ्र आणि दिसायला पत्र्याच्या पेटीसारखी, मागे एक सोडून दोन पंखे आणि ते फिरवायला बर्फावर चालणाऱ्या स्कूटरचं वेगळं टू-स्ट्रोक इंजिन. याचा फायदा असा की गाडीचा स्पीड कितीही असो, पंखे आपल्या स्पीडने ओढतच राहतात, म्हणजे हळू वळणातसुद्धा पकड तेवढीच, जे साध्या विंगला कधीच जमत नाही कारण त्याला काम करायला मुळात वेग लागतो. ती रेस जिंकली नाही, सारखी काहीतरी मोडायची, पण सरावात एवढी पुढे असायची की वर्षाच्या शेवटी बंदीच आली.

तेव्हा वेड नव्हतं काका. प्रत्येकाला एक विशिष्ट ठिकाणी काहीतरी टोचत होतं आणि त्याने तेवढंच काढायचा प्रयत्न केला, दिसायला कसं दिसेल याची फिकीर न करता. हैदराबादला एक म्युझियम आहे तिथे बुटाच्या, बॅटच्या आकाराच्या गाड्या ठेवल्यात, छान आहेत, पोरांना न्या, पण त्या दिसण्यासाठीच विचित्र केल्यात. टायरेल तशी नाही.

प्रश्न: सर मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वरच्या पत्रातल्या त्या लाल फियाटचा व्हिडिओ मीपण बघितलाय, त्यात म्हणतात इंजिन 28 लिटरचं आहे आणि सिलिंडर फक्त चार. हे शक्य आहे का? एवढं मोठं कशाला बनवायचं? — विद्यार्थी, पंचवटी

उत्तर: शक्य आहे, गणित तूच कर. ती फियाट एस76, 1910-11 च्या सुमाराची. बोअर (सिलिंडरचा व्यास) 190 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 250. एका सिलिंडरचे आले 7,088 सीसी, चाराचे 28 हजार 300 च्या वर. मारुती 800 ची पस्तीस इंजिनं एकत्र ओतली तर एवढं होईल. पिस्टन म्हणजे घरातला कुकर समज.

कशाला, तर तेव्हा इंजिन जोरात फिरवता येत नव्हतं. धातू, व्हॉल्व्ह, ऑइल, काहीच त्या लायकीचं नव्हतं, मिनिटाला दोन हजारच्या आतच सगळा खेळ. आज आपण आरपीएम वाढवून ताकद काढतो, त्यांच्याकडे एकच रस्ता होता, भांडं मोठं करायचं. तेव्हा वेगाचा विक्रम जर्मनांच्या ब्लिट्झन बेंझकडे होता, साडेएकवीस लिटरची, तिला हरवायला फियाटने हे धूड उभं केलं, जवळपास 290 हॉर्सपॉवर, आणि मागची चाकं चेननी फिरवायची, सायकलला असते तशी चेन पण केवढी असेल बघ. आणि तू नुसतं मोठं मोठं म्हणून हसू नकोस, कारण याच इंजिनात प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि तीन स्पार्क प्लग होते. आता नवीन गाडीच्या जाहिरातीत चार व्हॉल्व्हचं कौतुक ऐकशील तेव्हा हे आठव. या गाड्या दोनच बनल्या. नंतर एकीची चासी (खालचा सांगाडा) आणि दुसरीचं इंजिन असं जुळवून, गिअरबॉक्ससारखे हरवलेले भाग नव्याने बनवून, 2014 मध्ये ते इंजिन जवळजवळ शंभर वर्षांनी परत पेटवलं. एक्झॉस्टला लांब पाईप नाही, बाजूलाच तोंड, म्हणून काकांना जाळ दिसला.

तू मेकॅनिकलचा आहेस म्हणून अजून एक, हे परीक्षेला येणार नाही. 1967 ला अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रेसला एक गाडी आली होती, ड्रायव्हर उजवीकडे बसलेला आणि त्याच्या डाव्या हाताला हेलिकॉप्टरला लावतात तसलं टर्बाईन. बाकीच्या गाड्या किंचाळायच्या आणि ही नुसती सूं करत जायची. तिचा ड्रायव्हर पार्नेली जोन्स दोनशे लॅपमधले एकशे शहाण्णव लॅप आरामात संपवून पुढे होता आणि ट्रान्समिशनमधली एक बेअरिंग गेली. किरकोळ किमतीची. झालं, गाडी बंद. नंतर टर्बाईनला किती हवा आत घेता येईल त्यावर नियमाने बंधन आणलं आणि थोड्याच वर्षांत तो प्रकार संपला. बेअरिंगच्या लेक्चरला झोपतोस ना, म्हणून सांगितलं.

प्रश्न: मुलीकडे पुढच्या वर्षी लंडनला जाणार आहोत. जावईबापू म्हणतात गुडवुडला दोन कार्यक्रम असतात, एकाला जुने कपडे घालून जावं लागतं. नक्की कुठल्याला जावं? नातू सात वर्षांचा आहे, आवाजाचा त्रास होईल का? आणि नऊवारी चालेल का हो? — एक आजी, गंगापूर रोड

उत्तर: चालेल म्हणजे काय, फोटो काढायला रांग लागेल. कार्यक्रम दोन असतात हे जावई बरोबर सांगतायत. एक फेस्टिव्हल ऑफ स्पीड, 1993 पासून, सहसा जुलैत. तिथे ड्यूक ऑफ रिचमंड यांच्या वाड्यासमोरच्या रस्त्यावरून एकेक गाडी वर चढते, जेमतेम 1.86 किलोमीटर. आपल्या नांदुरीच्या घाटासारखा लांबलचक घाट डोळ्यापुढे आणू नका, चढण आहे पण एका दमात संपते. दुसरा रिव्हायव्हल, 1998 पासून, सप्टेंबरात, तो शेजारच्या जुन्या ट्रॅकवर. हा ट्रॅक मुळात दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ, त्याच्या कडेच्या रस्त्यावर 1948 ते 1966 रेस व्हायच्या, म्हणून तिथे गाड्याही त्याच काळातल्या आणि लोकही त्या काळातले कपडे घालून येतात. आणि तिथे खरीखुरी रेस असते, कोट्यवधींच्या गाड्या एकमेकींना घासतात, बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो.

सहा चाकं आणि पंखे असले नमुने बघायचे तर फेस्टिव्हलला जा, ते 1966 नंतरचे असल्यामुळे रिव्हायव्हलला रेसमध्ये दिसायचे नाहीत. शिवाय फेस्टिव्हलला पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून तयार करतात तिथे, तिकीट काढणाऱ्या कोणालाही फिरता येतं, मेकॅनिक तुमच्यासमोर झाकण उघडून बसलेला असतो, नातवाला हे जास्त आवडेल. कानावर लावायचे हेडफोनसारखे मफ मिळतात ते घेऊनच जा, कापसाचे बोळे पुरणार नाहीत. तिकीट आधीच काढा. छत्री न्या, चिखल झाला तर नऊवारीचे हाल होतील, म्हणून माझं ऐकाल तर नऊवारी रिव्हायव्हलला आणि फेस्टिव्हलला पंजाबी ड्रेस आणि बूट.

प्रश्न: एवढं लांब कोण जाणार. आपल्या नाशकात काही आहे का? — नाव नको, इंदिरानगर

उत्तर: असल्या जुन्या रेसिंग गाड्या नाहीत. रॅली मात्र नाशिकला नवीन नाही, रॅली ऑफ महाराष्ट्र इथे भरलेली आहे, आणि धूळ खात कच्च्या रस्त्याच्या कडेला उभं राहून बघण्याची मजा वेगळी. जुन्या गाड्या बघायच्या तर सापुतारामार्गे अहमदाबादला जा, तिथे कठवाड्याला ऑटो वर्ल्ड म्हणून संग्रह आहे, राजेरजवाड्यांच्या गाड्या भरपूर, रेसच्या नाहीत, आणि एकही तुमच्यासमोर जाळ काढणार नाही. विचित्रच काही बघायचं असेल तर छाटणीनंतर निफाडला कुठल्याही बागेत जा आणि ब्लोअर चालू असताना मागे उभे राहू नका.